जुळणारा वक्र आणि खरे प्रतिमान : रोगांच्या संगणकीय प्रतिमानांच्या प्रामाण्यपरीक्षेची चिकित्सा

१

साथरोगांच्या गणिती विवेचनात एक आकृती इतक्या वेळा छापली गेली आहे की, तिच्याकडे चिकित्सक दृष्टीने पाहण्याची सवयच जणू मोडून गेली आहे. विल्यम कर्मॅक आणि अँडरसन मॅकेंड्रिक यांचा साथींच्या गणिती उपपत्तीवरील निबंध १९२७ साली लंडनच्या रॉयल सोसायटीच्या कार्यवृत्तात प्रसिद्ध झाला. १७ डिसेंबर १९०५ ते २१ जुलै १९०६ या काळात मुंबई बेटावर दर आठवड्यास प्लेगने किती मृत्यू झाले, ते दर्शविणारे ठिपके आणि त्या ठिपक्यांतून गेलेला एक सममित, घंटाकार वक्र, अशी ती आकृती आहे. ठिपके आणि वक्र यांची जुळणी पाहून कोणाचेही समाधान व्हावे, इतकी ती चांगली आहे. आज संगणकावर चालणाऱ्या बहुतेक साथ-प्रतिमानांचा मूळ पुरुष म्हणजे हाच निबंध होय. लोकसंख्येचे रोगग्रहणक्षम, रोगी आणि रोगातून सुटलेले (बरे झालेले अथवा मृत) असे तीन गट कल्पून त्यांच्यातील देवघेव समीकरणांत मांडावयाची, ही त्यातील कल्पना होती. संगणकाने त्या तीन गटांचे वय, घर, शाळा व कामाचे ठिकाण यांनुसार सहस्रावधी भाग पाडले, एवढाच फरक.

तेव्हा अशा प्रतिमानांच्या अचूकतेची परीक्षा कशी करावी, या प्रश्नाचा विचार मुंबईच्या त्या आकृतीपासून करणे युक्त ठरेल. प्रतिमानाने काढलेला वक्र नोंदलेल्या आकड्यांशी जुळला, म्हणजे प्रतिमान खरे ठरले, असे मानण्याचा प्रघात आहे. हा प्रघात किती सदोष आहे, हे दाखविण्यास त्या आकृतीइतके चांगले उदाहरण क्वचितच सापडेल.

२

कर्मॅक व मॅकेंड्रिक यांचा वक्र केवळ तीन संख्यांनी ठरतो. ८९० ही वक्राच्या शिखराची उंची, म्हणजे दर आठवड्यास होणारे अधिकात अधिक मृत्यू होत. उरलेल्या दोन संख्या ०.२ व ३.४ या असून त्यांवरून वक्राचा पसरटपणा आणि शिखराची वेळ निश्चित होते. या संख्यांवरून हिशेब केला असता शिखर आरंभापासून सतराव्या आठवड्यात, म्हणजे एप्रिल १९०६ च्या मध्यास येते आणि वक्राखालील एकूण मृत्यू सुमारे ८,९०० भरतात. येथवर काहीच बिघडत नाही.

अडचण यापुढे आहे. मूळ समीकरणांत अज्ञात राशी चार आहेत : आरंभीच्या रोगग्रहणक्षमांची संख्या, आरंभीच्या रोग्यांची संख्या, संसर्गाचा दर आणि रोगी गटातून बाहेर पडण्याचा दर. वक्रापासून मात्र तीनच संख्या मिळतात. साहजिकच एकच वक्र अनेक परस्परभिन्न परिस्थितींतून काढता येतो. रोगी सरासरी एक आठवडा संसर्गक्षम राहतो असे धरले, तर हा वक्र मिळण्यासाठी मुंबईत आरंभी सुमारे २२,००० माणसेच रोगग्रहणक्षम होती असे मानावे लागते. तोच काळ दीड दिवसाचा धरला, तर ही संख्या ६१,००० च्या आसपास जाते. पहिल्या परिस्थितीत एक रोगी सरासरीने १.४ जणांना रोग देतो, दुसऱ्या परिस्थितीत जेमतेम १.०९ जणांना. दोन्हींतून निघणारा वक्र मात्र एकच असतो. ठिपके कितीही काटेकोरपणे मोजले तरी त्यांवरून या दोहोंत निवड करता येणार नाही.

शिवाय या दोन्ही संख्या विचित्र आहेत. मुंबईची तेव्हाची लोकसंख्या आठ-दहा लाखांच्या घरात होती. त्यातील फार तर पाच-सात टक्के लोकांनाच प्लेग होऊ शकत होता आणि बाकीचे जन्मतःच सुरक्षित होते, असे मानण्यास आधार कोणता? प्रतिमान सांगते की, साथ ओसरली ती रोगग्रहणक्षम माणसांची संख्या एका विशिष्ट मर्यादेखाली गेल्यामुळे. ज्या नगरात शंभरांतील एकही माणूस त्या वर्षी प्लेगने दगावला नाही, तेथे रोगास माणसे अपुरी पडली, हे म्हणणे मान्य करणे कठीण आहे.

मुंबईच्या प्लेगचा वृत्तान्त पाहिला म्हणजे खरा उलगडा होतो. सप्टेंबर १८९६ मध्ये मांडवी भागात डॉ. अकासिओ व्हिएगास यांनी पहिले रोगी ओळखले, आणि त्यानंतर दरवर्षी हिवाळ्याच्या अखेरीस प्लेग उसळून पावसाळ्याच्या सुमारास बसू लागला. १८९७ पासून निदान १९११ पर्यंत हा क्रम अव्याहत चालू होता. ज्या १९०६ सालच्या साथीत रोगग्रहणक्षम माणसे संपली म्हणून प्लेग थांबला असे वक्र सांगतो, त्याच्या पुढच्याच वर्षी प्लेग परत आला. याचे कारण माणसांत नव्हते. ते उंदीर, पिसू आणि ऋतुमान यांत होते. परळ येथील प्रयोगशाळेत काम करणाऱ्या प्लेग संशोधन आयोगाने याच सुमारास हे सिद्ध केले की, उंदरांतील साथ आधी येते, माणसांतील मागाहून. आणि दोहोंमधील दुवा पिसू हा असतो. उन्हाचा ताप वाढू लागला की पिसवांची संख्या आणि त्यांची रोग पसरविण्याची शक्ती घटते, व साथ आपोआप उतरणीस लागते. फ्रेंच गणितज्ञ निकोला बाकाएर यांनी २०१२ साली प्रसिद्ध केलेल्या निबंधात हे सर्व तपशिलाने मांडले. प्राचले वर्षभर स्थिर मानल्यास त्यांची मूल्ये अवास्तव येतात, आणि १९०६ ची साथ ऋतुचक्राने चालविलेली होती, हा त्यांचा निष्कर्ष आहे.

मूळ लेखकांवर येथे अन्याय होता कामा नये. मॅकेंड्रिक हे इंडियन मेडिकल सर्व्हिसमध्ये होते आणि हिंदुस्थानातील रोगांचा त्यांना प्रत्यक्ष परिचय होता. माणसांतील प्लेग हा उंदरांतील प्लेगचे प्रतिबिंब आहे असे गृहीत धरले आहे, संसर्गाचे दर स्थिर मानले आहेत, आणि ही गृहीतके काटेकोरपणे खरी नसल्याने समीकरण केवळ स्थूल आहे, ही कबुली त्यांनी आकृतीच्या जोडीलाच दिली होती. पुढील ग्रंथकारांनी आकृती उचलली आणि कबुली मागे ठेवली. दोष आहे तो या उचलेगिरीचा.

३

मुंबईच्या वक्राला अज्ञात राशी चार होत्या. आजच्या संगणकीय प्रतिमानांत त्या शेकड्यांनी मोजाव्या लागतात. तेव्हा हा दोष संगणकाने कमी होण्याऐवजी वाढण्याचाच संभव अधिक. याचे एक बोलके उदाहरण अमेरिकेतील स्तनकर्करोगाच्या प्रतिमानांत मिळते.

१९९० ते २००० या दशकात त्या देशात स्तनकर्करोगाच्या मृत्युदरात सुमारे एक चतुर्थांश घट झाली. या घटीचे श्रेय किती क्ष-किरण तपासणीस आणि किती शस्त्रक्रियेनंतरच्या औषधोपचारास द्यावयाचे, हा प्रश्न शासन, वैद्य व रोगी या सर्वांच्याच दृष्टीने महत्त्वाचा होता. कारण त्यावर तपासणीच्या कार्यक्रमांचा खर्च आणि विस्तार अवलंबून होता. सात स्वतंत्र संशोधकगटांनी सात प्रतिमाने तयार केली. त्यांना मूळ आकडेवारी समान पुरविण्यात आली होती. २००५ साली प्रसिद्ध झालेल्या त्यांच्या निष्कर्षांत तपासणीचे श्रेय एका प्रतिमानाने २८ टक्के ठरविले, तर दुसऱ्याने ६५ टक्के; मध्यक ४६ टक्के आला.

सातही प्रतिमाने एकाच मृत्युदराचा, एकाच घसरणीचा उलगडा करू पाहत होती. त्या घसरणीशी मेळ घालणे एवढीच कसोटी ठेवली असती, तर त्यांत निवड करणे कठीण गेले असते. मतभेद होता तो आतील यंत्रणेविषयी : अर्बुद किती वेगाने वाढते, लवकर सापडल्याने किती आयुष्य लाभते, यांविषयी. या गोष्टी मृत्युदराच्या रेषेत प्रत्यक्ष दिसत नाहीत. सात गटांनी आपापली उत्तरे शेजारी-शेजारी ठेवून हा मतभेद उघड केला, हे त्यांचे फार मोठे श्रेय आहे. एकच गट असता, तर २८ किंवा ६५ यांपैकी एक आकडा नि:शंकपणे छापला गेला असता आणि त्याच्या पुष्ट्यर्थ जुळणारी रेषाही दाखविता आली असती.

४

प्रामाण्यपरीक्षेच्या चर्चेत आणखी एक गोंधळ वारंवार आढळतो. संगणकाने गणित बरोबर केले काय, आणि जे गणित केले ते रोगाचे गणित आहे काय, हे दोन प्रश्न भिन्न आहेत. पहिल्यास गणनपडताळणी म्हणता येईल, दुसऱ्यास प्रामाण्यपरीक्षा.

मार्च २०२० मध्ये लंडनच्या इंपीरियल कॉलेजातील गटाने असे अनुमान प्रसिद्ध केले की, कोणताही प्रतिबंध न केल्यास कोविडने ग्रेट ब्रिटनमध्ये सुमारे ५ लाख १० हजार मृत्यू होतील. ज्या संगणकीय संहितेवरून हे अनुमान निघाले, ती बऱ्याच वर्षांपूर्वी इन्फ्लुएंझासाठी लिहिलेली होती आणि तिच्यात पुरेशी स्पष्टीकरणे नव्हती. संहिता खुली झाल्यावर तिच्यावर टीकेची झोड उठली. त्याच वर्षी केंब्रिजच्या स्टीफन एग्लेन यांनी ती स्वतंत्रपणे चालवून अहवालातील प्रमुख निष्कर्ष पुन्हा मिळतात, असे दाखवून दिले. यावर एका पक्षाने प्रतिमान निर्दोष ठरल्याचा आनंद मानला. परंतु सिद्ध झाले होते ते इतकेच की, त्या संहितेतून ते आकडे निघतात. संसर्गाची जी मूल्ये तीत भरली होती ती योग्य होती की नाही, लोक भयाने आपण होऊन घरी बसतील याचा विचार केला होता की नाही, या प्रश्नांस ही पडताळणी स्पर्शही करीत नाही. उलट पक्षी, संहितेची बांधणी ओबडधोबड आहे म्हणून अनुमान खोटे, हा टीकाकारांचा युक्तिवादही तितकाच लंगडा होता. शिवाय प्रतिबंध झाल्यामुळे त्या अनुमानातील ‘न केल्यास’ ही अटच नाहीशी झाली, आणि प्रत्यक्ष मृत्युसंख्येशी त्याची सरळ तुलना करण्याचा मार्ग बंद झाला. सशर्त अनुमानाची परीक्षा त्याची अट पाळली गेली तरच होते, हे दोन्ही पक्षांनी ध्यानात घेतले नाही.

५

प्रामाण्यपरीक्षेचे सर्वांत पद्धतशीर प्रयत्न दीर्घकालीन रोगांच्या, विशेषतः मधुमेहाच्या प्रतिमानांत झालेले आहेत. २०१२ साली वैद्यकीय प्रतिमानांच्या दोन आंतरराष्ट्रीय संस्थांच्या संयुक्त समितीने परीक्षेचे पाच प्रकार सांगितले : तज्ज्ञांस प्रतिमानाची रचना सयुक्तिक वाटणे, गणनाची पडताळणी, अन्य प्रतिमानांशी तुलना, बाहेरच्या प्रत्यक्ष आकड्यांशी तुलना, आणि अद्याप न घडलेल्या गोष्टींचे भाकित. ही क्रमवारी उपयुक्त आहे. मात्र या पाचांचे मोल सारखे समजले जाते, तेथे चूक होते. पहिली चारही कसोट्या, काही वेळा, प्रतिमानाने काहीही नवे न शिकता पार करता येतात.

या समितीच्या परीक्षाविषयक अहवालाचे प्रमुख लेखक डेव्हिड एडी यांचेच ‘आर्किमिडीज’ हे मधुमेहाचे प्रतिमान घ्यावे. २००३ साली त्याची परीक्षा १८ रोगचाचण्यांवर घेण्यात आली. ७४ तुलनांपैकी ७१ तुलनांत प्रतिमान आणि चाचणी यांत संख्याशास्त्रदृष्ट्या लक्षणीय फरक आढळला नाही, आणि एकूण सहसंबंध ०.९९ आला. एवढ्या विस्तृत परीक्षेस स्वतःहून सामोरे जाणे ही गोष्ट स्तुत्य आहे. तथापि मापांचा विचार करणे अगत्याचे ठरते. ‘लक्षणीय फरक नाही’ हा निकाल चाचणी जितकी लहान तितका सुलभ असतो. कारण लहान चाचणीची अनिश्चिततेची पट्टी रुंद असते व तीत पुष्कळच उत्तरे सामावतात. सहसंबंधाची गोष्ट तर अधिकच फसवी आहे. एखाद्या प्रतिमानाने प्रत्येक उत्तर प्रत्यक्षाच्या बरोबर दुप्पट दिले, तरी सहसंबंध पूर्ण एक येईल. दुर्मिळ आणि नित्याच्या अशा दोन्ही प्रकारच्या घटना एकाच आलेखावर मांडल्या, तर दुर्मिळ गोष्ट कमी आणि नित्याची जास्त एवढे ओळखणारे प्रतिमानही उच्च सहसंबंध मिळवील. आर्किमिडीज अशा दोषाने ग्रस्त होते असे येथे सुचवावयाचे नाही. ते तसे नाही हे या मापाने सिद्ध होत नाही, एवढेच.

ज्ञात चाचण्यांशी जुळणारी प्रतिमाने कोठे थिटी पडतात, ते २००८ साली ‘अ‍ॅकॉर्ड’ या चाचणीने दाखविले. टाईप २ प्रकारच्या मधुमेहाच्या १०,२५१ रोग्यांपैकी निम्म्यांची रक्तशर्करा अतिशय कडकपणे खाली आणण्याचा प्रयत्न तीत केला होता. अपेक्षा अशी की, हृदयविकार कमी होतील. प्रत्यक्षात कडक उपचाराच्या गटात २५७ आणि साधारण उपचाराच्या गटात २०३ मृत्यू झाले, व तो उपचार मुदतीपूर्वीच थांबवावा लागला. ज्या प्रतिमानात रक्तशर्करा उतरणे म्हणजे धोका उतरणे एवढा एकच संबंध लिहिलेला असेल, त्याला कोणतेही प्राचल कसेही फिरवून हा निकाल देता आला नसता. असे प्रतिमान मागील पंचवीस चाचण्यांशी जुळलेले असते, तरी सव्विसाव्या चाचणीतील रोग्यांना त्याचा उपयोग झाला नसता. मागील चाचण्यांतील उपचार मर्यादेत होता. अ‍ॅकॉर्डने ती मर्यादा ओलांडली. परीक्षा ज्या पट्ट्यात झाली, त्याच पट्ट्यापुरते प्रमाणपत्र असते.

६

भाकित ही पाचांतील सर्वांत कठोर कसोटी होय. परंतु तीही एकदा उत्तीर्ण झाल्याने प्रतिमान कायमचे खरे ठरत नाही. हिंदुस्थानातील अलीकडचाच अनुभव याची साक्ष देतो. ऑक्टोबर २०२० मध्ये केंद्र शासनाच्या विज्ञान व तंत्रज्ञान विभागाने नेमलेल्या समितीने ‘सुपरमॉडेल’ या नावाने ओळखल्या गेलेल्या प्रतिमानावरून असे अनुमान दिले की, देशातील कोविडचे शिखर सप्टेंबरमध्ये येऊन गेले आहे आणि खबरदारी चालू राहिल्यास फेब्रुवारी २०२१ पर्यंत साथ अत्यल्प राहील. फेब्रुवारीच्या आरंभापर्यंत दैनिक रुग्णसंख्या खरोखरच सुमारे दहा-अकरा हजारांपर्यंत उतरली. अनुमान उत्तीर्ण झाले होते. त्याच महिन्यात अमरावती, अकोला, यवतमाळ या भागांत रुग्ण पुन्हा वाढू लागले, आणि मे महिन्याच्या पहिल्या आठवड्यात देशातील दैनिक संख्या चार लाखांच्या वर गेली.

मुंबईच्या प्लेगशी या घटनेचे साम्य लक्षात येण्यासारखे आहे. दोन्ही ठिकाणी साथीची उतरण प्रतिमानाने अचूक रेखाटली. दोन्ही ठिकाणी त्या उतरणीचे कारण म्हणजे रोगग्रहणक्षम माणसांची घट, असे मानले गेले. आणि दोन्ही ठिकाणी प्रतिमानाबाहेर राहिलेल्या घटकाने साथ परत आणली. १९०७ मध्ये तो घटक ऋतुचक्र व उंदीर हा होता. २०२१ मध्ये विषाणूचे नवे रूप आणि लोकांचे बदललेले वर्तन. उतरण योग्य येणे हे उतरणीचे कारण योग्य असल्याचा पुरावा नव्हे, ही गोष्ट १९०६ च्या आकृतीवरून शिकता आली असती. प्राणवायूच्या टाक्या आणि रुग्णालयांतील खाटा यांची तजवीज अशा अनुमानांकडे पाहून कमीअधिक केली जाते, हे ध्यानात घेतले म्हणजे हा प्रश्न केवळ पंडितांच्या वादाचा राहत नाही.

७

या सर्वांवर एक तात्त्विक आक्षेप संभवतो. नाओमी ओरेस्केस आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९९४ साली, भूविज्ञानातील प्रतिमानांच्या संदर्भात, असे प्रतिपादन केले की, निसर्गातील खुल्या व्यवस्थेच्या प्रतिमानाचे सत्य सिद्ध करणे तत्त्वतः अशक्य आहे. फार तर त्यास कमीअधिक पुष्टी मिळते. हा सिद्धान्त रोगांनाही लागू पडतो, हे मान्य करावयास हवे. परंतु त्यातून परीक्षाच निरर्थक आहे असा निष्कर्ष काढणारे, किंवा सर्वच प्रतिमाने चुकीची असल्यामुळे उपयुक्तता एवढीच कसोटी पुरे असे म्हणणारे, दोघेही मुख्य प्रश्न टाळतात. उपयुक्त कशासाठी? कर्मॅक व मॅकेंड्रिक यांचा वक्र, साथ एका मर्यादेखाली का पेटत नाही, हे समजावून देण्यासाठी अत्यंत उपयुक्त आहे. मुंबईत पुढील वर्षी प्लेग येईल की नाही, हे सांगण्यासाठी तो निरुपयोगी ठरला. प्रतिमानाची परीक्षा नेहमी एखाद्या विशिष्ट प्रश्नासाठीच होऊ शकते.

तेव्हा संगणकीय प्रतिमानावर आधारलेला प्रबंध वा अहवाल वाचताना पुढील गोष्टी मागण्याचा वाचकास हक्क आहे. प्रतिमान ज्या आकड्यांवर बेतले, ते आकडे आणि ज्यांवर तपासले ते आकडे वेगवेगळे सांगितले पाहिजेत. तोच वक्र देणारी अन्य मूल्ये आहेत काय, याचा शोध घेऊन ती प्रसिद्ध केली पाहिजेत, ८९०, ०.२ आणि ३.४ या तीन संख्यांवरील दोन तासांच्या हिशेबाने मुंबईच्या वक्राचे दुबळेपण जसे उघड होते, तसे ते पुष्कळदा होईल. भाकित असेल तर त्याची अट, मुदत आणि अनिश्चिततेची पट्टी निकालापूर्वी लिहून ठेवली पाहिजे. आणि सर्वांत महत्त्वाचे म्हणजे, कोणता निकाल आला असता प्रतिमान टाकून द्यावे लागेल, हे त्याच्या कर्त्याने आधी सांगितले पाहिजे. असा कोणताच निकाल ज्यास सांगता येत नाही, त्याच्या प्रतिमानाची परीक्षा अद्याप सुरूच झालेली नाही, असे समजावे.

मुंबईच्या प्लेगची आकृती पाठ्यपुस्तकांतून काढून टाकण्याचे कारण नाही. तिच्या शेजारी १८९७ ते १९११ या सर्व वर्षांचे मृत्यू एका ओळीत मांडलेली दुसरी आकृती छापली, तर पहिलीचे खरे शैक्षणिक मोल विद्यार्थ्यांच्या हाती लागेल.